सिंगापूरहून बिंतान की बाताम? आईबाबांसोबत दोन रात्रींचा निवांत बेत

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आईबाबा चिपळूणहून आमच्याकडे सिंगापूरला आले आहेत. बाबा ७१ वर्षांचे, शाळेत मराठी शिकवायचे. आई ६६ची. तिचा उजवा गुडघा दुखतो. जिना म्हटलं की चेहरा पडतो, पण सपाट रस्त्यावर आमच्यापुढे चालते. आल्यापासून आम्ही त्यांना बागा, संग्रहालयं, पक्षी-प्राणी सगळं दाखवलं. परवा बाबा सहज म्हणाले, "सगळं छान आहे गं, पण तुमच्याकडे नुसतं बसणं होत नाही." ते मला फार लागलं.

म्हणून पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार धरून सोमवारची रजा टाकतेय. समोरच्या इंडोनेशियन बेटांपैकी एकावर दोन रात्री राहायचं. बिंतान की बाताम? मुलगी सहा वर्षांची आहे, तिला पाणी आणि वाळू मिळाली की झालं. बाबांना जुन्या जागांची ओढ. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. बघण्याच्या ठिकाणांची यादी नकोय, नेटवर ढिगाने आहे. तिथे जाऊन खरंच आराम कसा मिळेल ते सांगा.

दर्याकिनारी | रात्री १०.५२

बिंतान. दुसरा विचारच करू नका.

खारेवारे | रात्री ११.३०

खाडीकाठ, आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बिंतान हे एकच ठिकाण नाही. बेट अख्ख्या सिंगापूरपेक्षा मोठं आहे आणि त्याचे तीन वेगळे तोंडवळे आहेत. उत्तरेला लागोई. तिथे सगळी मोठी रिसॉर्टं, आखलेले रस्ते, गेटवर पहारा. सिंगापूरच्या तनाह मेराह धक्क्यावरून बोटीने तासाभरात पोचता आणि तिथून रिसॉर्टची गाडी घेऊन जाते. पूर्वेला त्रिकोरा. लांबच लांब किनारा, माडाच्या वाड्या, मासेमारांची घरं, मोजकी छोटी हॉटेलं. नैऋत्येला तांजुंग पिनांग हे जुनं शहर. तिथे थेट जाणारी बोट वेगळी, तिला साधारण दोन तास लागतात.

लोक घाईत स्वस्त तिकीट बघून तांजुंग पिनांगची बोट घेतात आणि राहायचं असतं लागोईत. मग भर उन्हात तासा-सव्वा तासाचा गाडीप्रवास. आधी राहायची जागा ठरवा, मग तिला जवळचा धक्का बघून बोट ठरवा.

तुमच्यासाठी माझं मत लागोई. आईंना जिना नको तर आरक्षण करतानाच तळमजल्याची खोली लेखी मागून घ्या. त्रिकोरा मला जास्त आवडतं, पण तिथे सगळ्या सोयी असतीलच असं नाही.

पावशेर_पुणे | शनिवार, सकाळी ७.१५

बाताम इतकं का नाकारताय सगळे? सिंगापूरच्या हार्बरफ्रंट धक्क्यावरून पाऊण-एक तासात पोचता, दिवसभर बोटी आहेत. चुकली एखादी तर पुढची मिळते. म्हाताऱ्या माणसांसोबत हा मोठा दिलासा असतो. जेवण स्वस्त, मालिश स्वस्त, फोनवरून टॅक्सी बोलावता येते. बिंतानच्या रिसॉर्टात एकदा शिरलात की पाण्याच्या बाटलीपासून सगळं त्यांच्याच भावाने.

आणि बाबांना इतिहास हवा असेल तर बारेलांगचे पूल आहेत. बाताम, रेम्पांग, गालांग या बेटांच्या नावांतली अक्षरं जोडून ते नाव पडलं. सहा पूल, १९९२ ते १९९७ या काळात बांधलेले. पहिला तारांवर तोललेला, ६४२ मीटर लांब. शेवटी गालांग बेटावर व्हिएतनामी निर्वासितांची जुनी छावणी. १९७९ ते १९९६ या काळात सुमारे अडीच लाख माणसं तिथून पुढच्या देशांत गेली. ज्या बोटींतून ती आली त्यांतल्या काही अजून ठेवल्यात. मी त्या बोटीच्या बाजूला उभा राहिलो तेव्हा तिची उंची माझ्या डोक्याच्या थोडी वर होती. इतक्याशा फळ्यांवर बायकापोरं घेऊन समुद्र ओलांडला त्या माणसांनी. माझे वडील तिथून परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

निवांतपणा | सकाळी ८.०५

पावशेरदादा, तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण ती जागा आराम करायला जाण्याची नाही. शिवाय बाताममध्ये बसायचं कुठे? शहर आहे ते. कारखाने, मॉल, वाहतूक. चांगला किनारा हवा तर नोंग्साकडे जावं लागतं, मग तिथलेही भाव रिसॉर्टचेच.

पावशेर_पुणे | सकाळी ८.२०

नोंग्सा मान्य. तिथे सिंगापूरकडे तोंड करून बसलं की रात्री पलीकडचे दिवे दिसतात. माझ्या आईला त्याचंच अप्रूप होतं: "आपण इथे आणि आपलं घर तिथे दिसतंय!"

कागदपत्रवाली | सकाळी ९.४०

हॉटेलच्या आधी हे बघा. आईबाबा भेटीच्या व्हिसावर आहेत ना? त्यांचा सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश करण्याचा आहे का, ते नीट वाचा. एकदाच प्रवेशाचा असेल तर बेटावर जाल, पण परत येताना अडकाल. हे धक्क्यावर कळून उपयोग नाही.

भारतीय पासपोर्टला इंडोनेशियाचा आगमनानंतरचा व्हिसा मिळतो, माणशी ५ लाख रुपिया. लहान मुलांनाही पूर्ण पैसे. तो आधीच ऑनलाइन काढता येतो, मी तोच काढते. धक्क्यावर पैसे भरायच्या रांगेत आईंना उभं राहावं लागणार नाही. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरून त्याचा क्यूआर फोनमध्ये ठेवा, शक्यतो कागदावर छापूनही घ्या. नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ पुन्हा उघडा. आमच्या कोणाच्याही जुन्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही.

खाडीकाठ | सकाळी १०.०२

कागदपत्रवालीताई, शंभर वेळा आभार. आत्ताच कपाट उघडून बघितलं. दोघांचाही अनेक प्रवेशांचा आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोकमसरबत | दुपारी १२.१०

शाकाहाराबद्दल बोलते, कारण माझ्या सासूबाई अशाच आहेत. तिथे 'भाजी' म्हटलं तरी तिच्यात तरासी असू शकते, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचं कुटलेलं वाटण. सांबलमध्ये (तिथली तिखट चटणी) तर बहुधा असतंच. गाडो-गाडो (उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा रस्सा) आईंना नक्की आवडेल, फक्त अंडं आणि तरासी नको म्हणून सांगा. 'तांपा तलूर, तांपा तरासी, तांपा इकान' एवढं पाठ करा. तांपा म्हणजे 'शिवाय', तलूर अंडं, इकान मासा. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ताहू (टोफू) जवळजवळ सगळीकडे मिळतं. कुरकुरीत तळलेलं तेम्पे आमच्या सासूबाईंना डाळवड्याच्या जवळचं वाटलं.

बाताममध्ये महा विहार दूता मैत्रेय म्हणून मोठं बौद्ध मंदिर आहे. तिथे पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं, या बाबतीत बाताम पुढे. बिंतानच्या रिसॉर्टात दोन दिवस आधी ईमेल केली तर करून देतात. तरी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू बरोबर असू द्या. पहिल्या रात्री दमलेल्या माणसाला ओळखीची चव लागते.

गोंगगोंग | दुपारी १२.४५

आणि जे मासे खातात त्यांनी माझं नाव लक्षात ठेवावं. :) गोंगगोंग म्हणजे तिथल्या समुद्रातला शंख (समुद्री गोगलगाय), उकडून सुईने बाहेर काढून तिखट चटणीत बुडवायचा. आणि ओतक-ओतक: मसाला लावलेल्या माशाचं मिश्रण माडाच्या पातीत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. पात जळायला लागली की जो वास सुटतो तो थेट आमच्या मालवणच्या परसात नेऊन सोडतो. ओतक म्हणजे मेंदू. हे कळल्यावर माझ्या मुलाने अभ्यासाच्या आधी रोज दोन मागायला सुरुवात केली.

शब्दवेल्हाळ | दुपारी १.३०

विषय निघालाच आहे तर. बाबा मराठीचे शिक्षक म्हणताय, त्यांना तिथल्या पाट्या वाचायला लावा! भाषेला 'बहासा', उपवासाला 'पुआसा', डोक्याला 'कपाला', नवऱ्याला 'सुआमी'. संस्कृतातून आलेले हे. आणि पोर्तुगीजांकडून आलेले आणखी मजेदार: बुटांना 'सपातू' (आपल्या सपाता), खिडकीला 'जंदेला' (गोव्याचं जनेल), टेबलाला 'मेजा', अननसाला 'नानास'. कोकणातले जांब तिथे 'जांबू' नावाने ढिगाने मिळतात.

पावशेर_पुणे | दुपारी १.४१

घरी 'सुआमी' ऐकून बायको म्हणाली, हा शब्द इंडोनेशियातच राहू दे.

शब्दवेल्हाळ | दुपारी २.१५

:) पण बाबांसाठी मी मनापासून एकच जागा सुचवीन, पन्यंगात. तांजुंग पिनांगसमोरचं चिमुकलं बेट. धक्क्यावरून लाकडी होडी सुटते, तिला पोंपोंग म्हणतात, पंधरा मिनिटांत पलीकडे. होडी जवळ जाते तशी पिवळीधमक मशीद मोठी होत जाते. १८३२ची. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळून बांधली असं तिथे सांगतात. १३ घुमट आणि ४ मिनार, मिळून १७, म्हणजे दिवसभराच्या नमाजातल्या रकातींइतके (रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन).

तिथेच राजा अली हाजी यांची कबर आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मलय भाषेचं व्याकरण लिहिलं, कोशाचं काम केलं. आज ज्याला इंडोनेशियन भाषा म्हणतात तिचा पाया या रिआउ भागातल्या मलयचा. इंडोनेशियाने २००४ साली त्यांना राष्ट्रीय वीर घोषित केलं. तलवार चालवणाऱ्याइतकाच व्याकरण लिहिणाराही राष्ट्राचा वीर, हे मला फार मोठं वाटतं. आपल्या दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. समुद्राच्या दोन टोकांना दोन माणसं आपापल्या भाषेची घडी बसवत होती. तुमचे बाबा त्या कबरीपाशी थांबतील बघा.

आणखी एक. सिंगापूर आणि रिआउ एकाच जोहोर-रिआउ सल्तनतीचे भाग होते. १८२४ साली इंग्रज आणि डचांनी करार करून मधल्या सामुद्रधुनीवर रेघ मारली. आपण पासपोर्ट दाखवून ओलांडतो ती हीच रेघ.

खारेवारे | दुपारी २.५०

पन्यंगातला पूर्ण पाठिंबा, पण एक काळजी. ओहोटीला पोंपोंगमध्ये उतरताना पायऱ्या ओल्या आणि खोल असतात. गुडघेदुखीवाल्याला दोन माणसांचा हात लागतो. भरतीची वेळ बघून जा. पलीकडे चालायला नको, तीनचाकी मोटाररिक्षा मिळतात.

आणि लागोईहून हे करायचं तर जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला. मग आराम कुठला?

निवांतपणा | दुपारी ३.०५

हेच म्हणतेय. एक तर पन्यंगात, नाही तर वाळू. दोन रात्रींत दोन्ही नको.

घड्याळजी | संध्याकाळी ६.३०

कोणीच वेळेबद्दल बोललं नाही! तिथलं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. तिकिटावर सुटायच्या गावाची वेळ असते. आम्ही लागोईच्या किनाऱ्यावर होतो, माझ्या फोनने पलीकडच्या सिंगापूरच्या मनोऱ्याची रेंज पकडली आणि गुपचूप घड्याळ पुढे सरकवलं. बोट चुकली असं वाटून आम्ही जेवण अर्धं टाकून धावत धक्क्यावर पोचलो, तर तिथे शुकशुकाट. तासभर बाकावर बसलो, मुलांनी रडून घेतलं. तेव्हापासून मी मनगटावर साधं घड्याळ बांधतो आणि पोचल्या पोचल्या हाताने लावतो. फोनची वेळ आपोआप बदलू देऊ नका.

मान्सूनमामा | रात्री ८.००

कोणत्या महिन्यात जाताय? नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा असतो, बिंतानची उत्तर आणि पूर्व बाजू त्याच्या तोंडावरच येते. समुद्र खवळलेला, पोहायला बंदी, बोटीला गचके. त्या दिवसांत जाणाऱ्याने पोहण्याचा तलाव चांगला असलेलं हॉटेल बघावं आणि बोटीत मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसावं.

खाडीकाठ | रात्री ९.१०

मामा, आम्ही मे महिन्यात जातोय, म्हणजे सुटलो. सगळ्यांचं वाचून असा बेत केलाय. शनिवारी सकाळच्या बोटीने लागोई, दुपारी किनारा, रात्री काजवे. रविवारी सकाळी पन्यंगात, दुपारी तांजुंग पिनांगचं पाचशे अर्हतांचं मंदिर, येताना बुसुंगचे वाळूचे ढिगारे, संध्याकाळी त्रिकोराला समुद्रातल्या केलोंगवर जेवण. सोमवारी सकाळी मालिश आणि परत. कसं वाटतंय?

निवांतपणा | रात्री ९.१४

अगं बाई! रविवारचं वाचूनच माझा गुडघा दुखायला लागला. तुझ्या पहिल्या पोस्टमधलं बाबांचं वाक्य परत वाच.

कोकमसरबत | रात्री ९.२५

निवांतपणाशी सहमत. केलोंग आईंसाठी गाळाच. समुद्रात खांब रोवून वर केलेली मचाणं ती, फळ्यांमधून खालचं पाणी दिसतं, चढायला कधी शिडी असते. जेवणही सगळं माशांचं. काजवे मात्र सोडू नका.

चिपीचं_झाड | रात्री १०.३०

काजव्यांबद्दल नक्की लिहायचंय. सबुंग नदीत रात्री छोट्या होडीतून खारफुटीत नेतात. होडीवाला इंजिन बंद करतो, तोवर काही दिसत नाही. मग एखादं झाड वरपासून खालपर्यंत लुकलुकायला लागतं, आणि शेजारचं तसंच अंधारात. तिथले काजवे ठरावीक झाडं धरतात, बरंबांग म्हणतात त्याला. आपल्या चिपीच्या कुळातलंच झाड. आपली पांढरी चिपी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली, ती बाबांनी वाशिष्ठीच्या खाडीत नक्की पाहिली असेल. अमावास्येच्या आसपास जा, चांदण्यात मजा निम्मी होते. फोनचा दिवा लावू नका, बाकीच्यांनाही लावू देऊ नका. आईंना होडीत बसवताना होडी धक्क्याला दोन्ही टोकांनी बांधायला सांगा, ते आनंदाने करतात.

खाडीकाठ | रात्री १०.४८

पटलं. रविवार अख्खा मोकळा ठेवते. पन्यंगातचं काय करू ते कळत नाहीये, बाबांना शब्दवेल्हाळ यांची पोस्ट वाचून दाखवली आणि ते उठून चष्मा शोधायला गेले.

शब्दवेल्हाळ | रात्री ११.०५

मग दोन्ही रात्री तांजुंग पिनांगला राहा, किंवा पन्यंगात पुढच्या खेपेला ठेवा. मधलं काही नको. हे लिहिताना मलाच जड जातंय.

कागदपत्रवाली | रात्री ११.२०

जाता जाता: ४८ तासांच्या आत परत आलात तर सिंगापूरला करमाफ खरेदी माणशी १०० डॉलरपर्यंतच, आणि दारूवर सवलत नाही. सिगारेटला तर कधीच नाही. च्युइंगमही आणू नका.

खाडीकाठ | पाच आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९.५५

मंडळी, जाऊन आलो! लिहायचं वचन दिलं नव्हतं, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लागोईलाच राहिलो. खोली तळमजल्याची लेखी मागितली होती, तरी पोचल्यावर दुसऱ्या मजल्याची किल्ली हातात दिली. ईमेल दाखवली, अर्धा तास थांबलो, मग बदलून मिळाली. खारेवारेदादा, 'लेखी' हा शब्द तुम्ही लिहिला नसता तर आई दोन दिवस जिना चढली असती.

रविवारी कुठेही गेलो नाही. बाबा पहाटे पाचला उठून एकटे किनाऱ्यावर गेले. मी सात वाजता चहा घेऊन गेले तर एका मासेमाराच्या शेजारी बसले होते, त्याचं जाळं सोडवायला हात लावत. एकाला मराठी येत नाही, एकाला मलय नाही. बाबांनी मला बघून सांगितलं, "हा जाळ्याला 'जाला' म्हणतो!" असा त्यांचा चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. आई सावलीत पाय पसरून बसली, लेकीने तिचा दुखरा गुडघा ओल्या वाळूत पुरून त्यावर देऊळ बांधलं. आई दुपारपर्यंत हलली नाही, देऊळ मोडेल म्हणून.

तेम्पेचं म्हणाल तर आईने एकदा खाल्लं, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि तिसऱ्या वेळी आचाऱ्याला हातवारे करून जिरं घालायला लावलं. तांपा तरासी सगळ्यांना पाठ झालंय.

काजवे शनिवारी रात्री पाहिले. होडीत सगळे गप्प होते. आई हळूच म्हणाली, "आपल्याकडे पावसाच्या आधी असेच यायचे परसात. तू लहान होतीस."

आणि शब्दवेल्हाळ, बाबांनी परतीच्या बोटीतच विचारलं, त्या व्याकरणकाराच्या बेटावर कधी जायचं? ऑक्टोबरात परत येतायत. तांजुंग पिनांगला दोन रात्री. भरतीच्या वेळा कुठे बघायच्या तेवढं सांगा.

शब्दवेल्हाळ | रात्री १०.०३

तारीख ठरली की कळवा, मीच बघून देतो. आणि बाबांची हरकत नसेल तर मलाही यायला आवडेल.